वाटाण्याएवढा उजेड

"हात लांब करून वस्तू धरली, तर तिच्या मानानं तो उजेड केवढा होता? टाचणीच्या डोक्याएवढा, वाटाण्याएवढा की नाण्याएवढा?"

"वाटाणा," सोल्वेग टोलेफसन म्हणाल्या. "फोनवरही वाटाणाच सांगितला होता."

कॅप्टन हॅलोरननं वाटाण्यापुढे खूण केली. उडत्या तबकड्यांच्या चौकशीचा हवाई दलाचा अर्ज आठ पानी होता आणि गाडी अजून तिसऱ्याच पानावर होती. बाहेर नॉर्थ डकोटाचा फेब्रुवारी हाडं गोठवत होता. बाईंनी त्याच्यापुढे कॉफी आणि लोणी लावलेली बटाट्याची पोळी ठेवली होती. सरकारी माणसाला एवढी माया सहसा मिळत नाही.

गावच्या धान्यकोठाराच्या छपरावर बसायचं, आकाशावर नजर ठेवायची, रशियाचं विमान दिसलं की फोन करायचा. हे काम गावकरी आळीपाळीनं फुकट करत. संध्याकाळची पाळी बाई एकट्या सांभाळत. त्यांचा एकुलता एक मुलगा आर्विड सोळा महिन्यांपूर्वी कोरियात विमानासकट बेपत्ता झाला होता. तेव्हापासून म्हातारीचं चित्त आकाशातच असतं, असं गाव म्हणे. रशियाचं विमान काही आलं नाही. पण तीन आठवड्यांत बाईंनी अकरा वेळा कळवलं होतं: पश्चिमेला पांढरा उजेड, आवाज नाही, हालचाल नाही.

कॅप्टनला कागद वाचतानाच कळलं होतं. शुक्र. पोराच्या दुःखात आईला चांदणीतही विमान दिसतं, दुसरं काय? पण तसं लिहिलं की बाईंचं नाव पाळीच्या यादीतून कटणार. मग या बाईनं संध्याकाळ काढायची कशी? त्याच्या अगदी जिवावर आलं होतं. शेवटी त्यानं पेन खाली ठेवलं.

"बाई, रागावू नका. ती शुक्राची चांदणी आहे."

"ठाऊक आहे."

"म्हणजे?"

"माझा बाप नॉर्वेचा कोळी. पाढे येण्याआधी मला शुक्र ओळखता येत होता. मला काय आंधळी समजलास?" बाईंनी पोळीची बशी पुढे सरकवली. "खा, निवतंय. आर्विडसाठी मी तुमच्या लोकांना एकोणीस पत्रं लिहिली. उत्तरं आली ती छापील, खाली सहीचा शिक्का. माणूस एकही आला नाही. आणि पलीकडच्या गावात पाववाल्याला तबकडी काय दिसली, चौथ्या दिवशी अधिकारी दारात! म्हटलं, दिसू दे की आपल्यालाही एखादी."

कॅप्टनला हसू फुटलं आणि अर्ध्यातच विरलं. बाईंनी त्याच्यापुढचा अर्ज बाजूला सारला.

"आता मी विचारते, तू सांग. माझ्या लेकराला शोधतंय कोण? बेपत्ता वैमानिकांचं खातं आहे ना तुमच्यात? तिथल्या एका माणसाचं नाव दे. मी त्याच्या दारात जाऊन बसेन. दुसरं काही मागत नाही रे."

त्यानं कॉफीचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. खोटं एखादं नाव ठोकून देणं सोपं होतं. बाई खूश झाल्या असत्या, वसंतापर्यंत पत्रं लिहीत राहिल्या असत्या. पण बाईंची पोळी पोटात गेली होती आणि त्याची जीभ रेटेना.

"त्या खात्यात आम्ही पाच जण होतो, बाई," तो म्हणाला. "गेल्या उन्हाळ्यात पाचही जणांना तबकड्यांच्या कामाला लावलं."