इंजिनाची नाडी

दलालाने मुद्दाम ट्रेलरचा प्रेशर हॉर्न दाबला. अड्ड्यावरचे सगळे दचकले. चालू इंजिनापाशी वाकलेले उस्मानचाचा मात्र हललेही नाहीत.

हणमंताने चमकून चाचांकडे पाहिलं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवून आज तो स्वतःचा पहिला ट्रेलर घ्यायला आला होता, तोही नऊ लाख किलोमीटर पळालेला. इंजिनात किती दम उरलाय हे आवाजावरून सांगायला त्याने आपल्या या जुन्या मिस्त्रीला आणलं होतं, आणि चाचांना तर आता ऐकूच येत नव्हतं!

"काय चाचा, कसा वाटतोय आवाज?" दलाल गालात हसला.

चारचौघांत म्हाताऱ्याचा पाणउतारा नको, म्हणून हणमंताने त्यांचा खांदा धरून चहाची खूण केली.

चाचांनी त्याच्या चेहऱ्यावरून काय ते ओळखलं. पिशवीतून लांब स्क्रूड्रायव्हर काढून त्यांनी टोक धडधडत्या इंजिनाला टेकवलं, त्याची मूठ दातांत घट्ट धरली आणि डोळे मिटले. दातांत उतरणारी थरथर जोखत, सरकत सरकत ते चौथ्या सिलिंडरपाशी थांबले.

"इथलं बेअरिंग गेलंय," त्यांनी दलालाला सुनावलं. त्याचं हसू मावळलं.

मग हणमंताकडे वळून चाचांनी तोंडभर हसत दात दाखवले. "कान गेले रे. हे अजून माझेच आहेत."