सरावाचं वाक्य

जर्मनीत नर्स म्हणून जायचं ठरलं, तेव्हा क्रांती क्लासवरून पाटणला घरी आली की आईलाच पेशंट करून पलंगावर झोपवायची. "कुठं दुखतंय?" ती जर्मनमध्ये विचारायची. पाठ करून घेतलेलं उत्तर आईही जर्मनमध्येच द्यायची, "छातीत दुखतंय." मग दोघींची हसून पुरेवाट व्हायची.

परवा तिकडून ड्युटीला निघताना तिनं व्हिडिओ कॉल लावला. आईला खेटूनच क्रांतीचे वडील, आबा, बसले होते, नुकतीच बायपास झालेले.

"कशी हायस गं?" क्रांतीनं विचारलं.

आईनं एकदा आबांकडं बघितलं आणि हळूच जर्मनमध्ये म्हणाली, "छातीत दुखतंय."

क्रांतीला हसू फुटलं. "आई, माजी परीक्षा कवाच झाली." तिनं आईचा एक उच्चार तेवढा सुधारला आणि ट्राम पकडायला पळाली.

आई गेल्याचं सांगायला आज आबांचाच फोन आला.

"दवाखान्यात चल म्हणून शेजारची फिरदोस काल लय मागं लागली व्हती तिच्या. तर म्हनली, क्रांतीच्या कानावर घातलंय मी, ती सांगंल तसं करू."