विरळ रोवणी

"बशीत पेशी विरळच टाक," उर्वशीसोबत पीएचडी करणारी दीपिकाताई चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी म्हणाली. "रोवणीत रोपाले जागा भेटली का फुटवे जास्त फुटते ना? तसंच हाय हे." कुरखेड्याच्या बांधीत कमरेत वाकून धान रोवलेल्या उर्वशीला ते पटायला कितीसा वेळ!

पण बशीतल्या पेशी चौथ्या दिवशी माना टाकायच्या. तीन महिने उर्वशी विरळ टाकत राहिली, रडत राहिली. दीपिकाताई दर वेळी धावत यायची, तिचे डोळे पुसायची, मेलेल्या बशीचा फोटो काढायची. "सरले दाखवतो. काऊन मरून राह्यल्या, विचारतो." सख्खी बहीण तरी एवढं करील का? उर्वशीनं तिच्यासाठी घरून नवा तांदूळ आणला.

परवा दीपिकाताईनं सगळ्यांसमोर आपलं संशोधन मांडलं. पेशी दाट टाकल्या तर वाढतात आणि विरळ टाकल्या तर मरतात, हाच तिचा तीन महिन्यांपासूनचा विषय होता. पहिल्या रांगेत बसलेली उर्वशी पडद्यावरचे फोटो बघत होती.

मेलेल्या प्रत्येक बशीच्या झाकणावर तारीख होती, उर्वशीच्या अक्षरात.