चिमाचा गडगा

चिमाच्या काजूंभोवतीच्या, चिरे रचून केलेल्या गडग्यापाशी, खनिजं शोधायला आलेल्या साहेबाचं यंत्र कडकड वाजायला लागलं. गावावरचा सगळा कातळाचा सडा पालथा घातला तरी ते कुठे धड टिकटिकलं नव्हतं. साहेब म्हणाला, इथे युरेनियम असणार. गडगा पाडून खाली खणायचं.

गाव हरखलं. खाण आली की मुंबईला गेलेली पोरं परत येतील. चिमाचा दीर काशीराम तर सगळ्यांच्या पुढे, पहार घेऊन. ती जमीन चिमाची, पोट त्या काजूंवर, हे कोण कशाला बघतंय!

पण खाली काही नाही, हे एकट्या चिमाला कळलं होतं. काळोखात चमकणाऱ्या काट्यांचं घड्याळ यंत्राजवळ आणू नका, त्यानं यंत्र फसतं, असं साहेबानं सकाळीच हमालांना बजावलं होतं. तसलं घड्याळ त्या गडग्यात होतं. तिनंच लपवलेलं.

तिचा नवरा धोंडू बोटीवर खलाशी. घड्याळ त्यानं एडनला घेतलेलं. शेवटच्या खेपेला ते घरी राहिलं. बोट बुडाली, प्रेत मिळालं नाही. बरीच वर्षं वाट पाहून घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून जाळला. त्याच्या वस्तूही सोबत जाळायच्या, नाहीतर जीव घुटमळतो, हे काशीरामचंच म्हणणं. चिमानं त्या वस्तूंच्या पुरचुंडीत घड्याळाऐवजी चिऱ्याचा तुकडा बांधला. जाळलं की मेला, आणि तिला तो मेलेला नको होता. पुढे घरात म्हैस आटली तरी काशीराम म्हणायचा, विधीत काहीतरी राहिलं. चिमा खाली मान घालून ऐकायची.

आता गप्प बसली तर जमीन जाणार. बोलली तर घरातलं प्रत्येक मरण, प्रत्येक आजारपण तिच्या माथी बसणार.

काशीरामनं पहार उचलली. चिमा आडवी आली. तिनं एक चिरा ओढला, आतला गंजका डबा काढला आणि साहेबाच्या हातात दिला.

साहेबानं डबा उघडून आतलं घड्याळ सगळ्यांसमोर धरलं, मग ते लांब नेऊन ठेवलं. गडग्यापाशी यंत्र गप्प झालं. साहेब स्वतःशीच हसला आणि सामान आवरायला लागला. गाव पाय ओढत घरी गेलं.

मागे राहिला काशीराम. त्यानं घड्याळ ओळखलं होतं. चिमा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते बोला, म्हणाली.

काशीरामनं पहार गडग्याला टेकवून ठेवली.

"वयनी, त्येचा लग्नातला सदरा मीबी जाळला नाय. माज्या ट्रंकेत हाय."