लोटूचा नमुना

दापोऱ्यात काविळीची साथ आली, तीत धुरपदाबाई वाचली आणि तिचा मुलगा लोटू गेला. बऱ्हाणपूरच्या एका छोट्या प्रयोगशाळेत विमलने तिचा रक्तद्रव रुग्णांच्या विषाणूंत मिसळला आणि काचेच्या बश्यांतल्या जिवंत पेशींवर सोडला.

बाईची प्रतिपिंडं विलक्षण होती. प्रत्येक रुग्णाच्या विषाणूला त्यांनी पेशीच्या दारातच अडवलं.

फक्त लोटूच्या विषाणूला नाही. खरं तर साथ एकच, विषाणूही एकच. साथीतून वाचलेल्या इतरांच्या रक्ताने लोटूचा विषाणूही सहज अडत होता. विमलने प्रयोग पुन्हा केला. पुन्हा तेच.

शेवटी ताजं रक्त घ्यायला ती दापोऱ्याला गेली. कुठला नमुना कुणाचा, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. केळीच्या बागेत धुरपदाबाईने हात पुढे केला.

"ताई, माझा लोटू अजून तुमच्याकडं हाय ना?"

विमलची सुई थबकली. "लोटू नाही, मावशी. त्याचा आजार आहे."

"तेवढाच तर उरला त्याचा. म्हणून मी सांगून ठेवलं, त्याले हात नको लावजो."

"कुणाला सांगितलं?"

धुरपदाबाईने कोपराजवळच्या फुगलेल्या शिरेवरून, लेकराला गोंजारावं तसं, बोट फिरवलं. आणि विमलच्या डोळ्यांदेखत ती शीर कातडीखाली खोल निघून गेली.