लाटेखालची होडी

चंद्रपुरातल्या बाबूभाई घड्याळवाल्यांना मुलानं, जिशाननं, जपानहून डिजिटल घड्याळ पाठवलं. जाडजूड, दणकट, पट्ट्यावर तिथल्या जुन्या लाकडी ठशांच्या चित्रांसारखी निळी लाट, लाटेखाली एकटीच होडी. "अब्बा, या घडीले दुरुस्ती लागतच नाई," तो म्हणाला होता. घड्याळ बिघडल्याशिवाय बाबूभाईंकडे येत होतं कोण? ईदला जिशान यंदाही येणार नव्हता. त्यांनी घड्याळ बादलीत बुडवलं, दुकानाच्या पायरीवर आपटलं, डोळ्याला भिंग लावून तपासलं. साधा ओरखडाही नव्हता. ईदच्या दुपारी फोन आला. "घडी चालून राह्यली ना, अब्बा?" "बंद पडली, बेटा. खोलून पाह्यली, पण मले काही समजत नाई. तुलेच यावं लागते." नेमका तेव्हाच तास भरला. मनगटावर पीं-पीं वाजलं. बाबूभाईंनी घाईघाईनं त्यावर तळहात दाबला. पण पलीकडे जिशाननं ते ऐकलं होतं. तो म्हणाला, "फेकून द्या. दुसरी पाठवतो."