हवामानाचा कागद

हनादी बिनतारी मायक्रोफोन घेऊन पळाली, थेट शौचालयात शिरली आणि तिने आतून कडी लावली. पटांगणात चारशे मुली खिदळल्या.

"हिचा दाखला तयार करा!" मुख्याध्यापिका नबवियाबाई व्यासपीठावरच्या खुर्चीतून गरजल्या. आज ध्वजवंदनालाही त्या बसूनच होत्या. गुडघा दुखतो म्हणाल्या. "आजच्या आज काढते! दमिएत्ता शहरातली एकही शाळा घेणार नाही हिला!"

रोज सकाळी एकेक मुलगी माईकवर सुभाषित, बातम्या, हवामान वाचत असे. हनादीची ही तिसरी पाळी. पहिल्या पाळीला फ्यूज गायब झाला होता. दुसऱ्या पाळीला रांगांत बेडूक सुटले होते.

इतक्यात भोंगा खरखरला. माईक चालूच राहिला होता.

"वाच ना, गाढवे!" हनादी स्वतःलाच दटावत होती. "एकच तर ओळ आहे. पण मेल्या सगळ्या बघतात! कान तापतात... हं. आजचं सुभाषित. धीर ही सुटकेची किल्ली आहे."

आणि हे कडी लावलेल्या शौचालयातून! चारशे हात चारशे तोंडांवर गेले. खांदे गदगदू लागले. विज्ञानाच्या इन्तिसारबाईंनी ओठांवर बोट ठेवलं, चवड्यांवर धावत जाऊन दाराखालून एक कागद आत सरकवला.

"कोण आहे?"

"हवामान," बाई म्हणाल्या. "माईक चालू आहे. सगळ्यांनी ऐकलंय. बघत मात्र कुणीच नाही. वाच."

भोंग्यातून कागद उचलल्याची खसखस आली.

"आकाश निरभ्र. वारा उत्तरेचा. समुद्र शांत." 'आकाश' म्हणताना आवाज चिरकला, पण 'समुद्रा'पर्यंत तो खणखणीत झाला होता. टाळ्या कडाडल्या. लग्नात बायका जीभ हलवून काढतात तशी किलकारी कुणीतरी काढली.

"अजून एक बातमी!" हनादी आता चेकाळली होती. "बाबांच्या दुकानातला लाकूड चिकटवायचा सरस मी सकाळी नबवियाबाईंच्या खुर्चीला लावलाय. वाटलं, त्या उठताना गोंधळ होईल, माझी पाळी टळेल. पण त्या उठल्याच नाहीत! माफ करा हं, बाई."

चारशे माना व्यासपीठाकडे वळल्या. नबवियाबाईंचे कान लालभडक झाले होते. इन्तिसारबाई धावत त्यांच्याजवळ गेल्या.

"दाखला राहू दे," नबवियाबाई पुटपुटल्या. "आधी या पोरींना तिकडे तोंड करायला सांग."